यूपीएस सव्वा तास ओरडत होता

ऐन हंगामातली जानेवारीची रात्र. पहाटे ३ वाजून ५० मिनिटांनी वजनकाट्यावरच्या क्लार्कचा फोन आला. "मॅडम, काटा बंद पडलाय. वजन दिसतंय, पण पावतीच निघंना."

मी एका साखर कारखान्याच्या ईडीपी विभागात काम करते. संगणक विभाग म्हणा हवं तर, पण आमच्याकडची जुनी माणसं अजून ईडीपीच म्हणतात. कॉलनीतून काट्यावर पोचायला दहा मिनिटं लागतात. गेटापासून रस्त्याच्या वळणापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. ड्रायव्हर खाली उतरून शेकोटीभोवती उभे होते. भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं वजन सर्व्हरवर त्या शेतकऱ्याच्या नावे चढतं, मग गाडी गव्हाणीकडे, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिकडे, जाते. रिकामी होऊन परत काट्यावर आली की निव्वळ वजन ठरतं. यातली एक पायरी अडली की मागचं सगळं अडतं. तोडलेला ऊस उभ्या गाडीत सुकतो, वजनाला घटतो, त्यातली साखर कमी होते. तो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा म्हणून शेतकी विभागापासून शेतावर तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयपर्यंत सगळे धडपडत असतात. आणि गाडी अडकली की तोडणाऱ्या कुटुंबाची पुढची खेप बुडते. त्या रात्री त्या शेकोटीजवळून जाताना मला मान वर करवली नाही.

काट्यामागच्या पॅनेलमधला नेटवर्कचा स्विच (वजन सर्व्हरकडे नेणाऱ्या केबली याच पेटीत जोडतात) मेलेला होता आणि त्याखालचा यूपीएसही. इंडिकेटर आणि केबिनमधला संगणक दुसऱ्या लाइनवर असल्यामुळे वजन दिसत होतं, पण ते पुढे जायला वाट नव्हती. पॅनेलमधला एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा खटका, पडला होता. तो वर केला, स्विच सुरू व्हायला चार-पाच मिनिटं गेली, आणि सव्वाचारच्या सुमाराला पहिली पावती निघाली.

सकाळी मी त्या यूपीएसच्या नेटवर्क कार्डावर जाऊन त्याची नोंदवही उघडली. २ वाजून १९ मिनिटांनी 'मेन लाइन गेली, बॅटरीवर'. ३ वाजून ३६ मिनिटांनी 'बॅटरी संपली, बंद'. म्हणजे सत्त्याहत्तर मिनिटं तो यूपीएस बॅटरीवर तग धरून होता आणि त्याचा बझर वाजत होता. पण बंद पॅनेलमध्ये, मिलच्या घरघरीत आणि ट्रॅक्टरच्या आवाजात तो कुणाला ऐकू जाणार? त्याच नोंदवहीच्या शेजारच्या पानावर एक रकाना होता, 'ट्रॅप रिसीव्हर'. त्यात ०.०.०.० असं लिहिलेलं. संकटाची खबर कुणाला द्यायची, हे त्या यंत्राला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. कार्ड विकत घेतलं होतं, केबल जोडली होती, आणि रकाना रिकामा ठेवला होता.

तसं आमच्याकडे काहीच नव्हतं असंही नाही. दर पाच मिनिटांनी सगळ्या स्विचना पिंग करणारी, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारी, एक स्क्रिप्ट होती. तिने ३ वाजून ४० मिनिटांनी इमाने इतबारे ईमेल पाठवला होता. तो विभागाच्या सामायिक मेलबॉक्समध्ये पडला. तो मेलबॉक्स आम्ही सकाळी साडेनऊला उघडतो.

त्या दिवशी ठरवलं, की कारखान्यातलं एकेक उपकरण स्वतः हाक मारील अशी सोय करायची, आणि ती हाक ज्याला काही करता येईल अशा माणसाच्या कानावर पडेल इथवर न्यायची. हे काम पुरं व्हायला पुढचा हंगाम उजाडला.

आधी यादी केली. चौतीस स्विच, दोन राउटर, एक फायरवॉल, सहा यूपीएस. मिल हाउस, बॉयलर, को-जन (वीजनिर्मिती), डिस्टिलरी, दोन काटे, गोडाऊन, शेतकी ऑफिस. यातले अकरा स्विच कुठे बसवलेत हे कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरंच निघालं. बगॅसच्या भुश्श्याने भरलेल्या पेट्या उघडून, पुसून, प्रत्येकाला नाव आणि पत्ता देण्यातच तीन आठवडे गेले. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढे मध्यरात्री 'स्विच १७ बंद' असा संदेश येतो आणि सतरा नंबरचा स्विच कुठाय हे शोधण्यात तास जातो.

देखरेखीसाठी झॅबिक्स हे सॉफ्टवेअर निवडलं. ते मुक्त आहे, परवान्याचे पैसे नाहीत, आणि एका जुन्या सर्व्हरवर लिनक्स टाकून ते आरामात चाललं. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उपकरणांशी बोलायची जुनी, सर्वमान्य भाषा म्हणजे एसएनएमपी. तिची पहिली आवृत्ती १९९० साली आरएफसी ११५७ म्हणून (इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित कागदपत्रं म्हणजे आरएफसी) पक्की झाली. तिच्यात बोलणं दोन प्रकारे होतं. एक पोलिंग. सर्व्हर ठरावीक वेळाने प्रत्येकाला विचारतो, 'कसं काय? ठीक ना?' हा झाला फेरी मारणारा वॉचमन, आणि त्याचं दार यूडीपी १६१ (यूडीपी म्हणजे पोच न घेता संदेश पाठवायची रीत). दुसरा ट्रॅप. काही घडलं की उपकरण स्वतः सर्व्हरला ओरडून सांगतं. त्याचं दार यूडीपी १६२. वॉचमन पाच मिनिटांनी येणार असेल तर चोराला पाच मिनिटं मिळतात. हाक तत्क्षणी येते. पण यूडीपी असल्यामुळे ती हाक पोचली का, याची पोच मिळत नाही. एकदा ओरडलं, संपलं. पोच हवी असेल तर 'इन्फॉर्म' नावाचा प्रकार आहे, पण आमच्या यूपीएसच्या कार्डांना तो येत नव्हता.

सुरुवात काट्याच्या स्विचपासूनच केली. सर्व्हरचा पत्ता दिला, 'पब्लिक' ही जगजाहीर कम्युनिटी, म्हणजे परवलीचा शब्द, काढून स्वतःची टाकली, ट्रॅप चालू केले, आणि एका बिनमहत्त्वाच्या पोर्टातली (केबल घालायच्या खाचेतली) केबल उपसली. झॅबिक्सवर काहीच आलं नाही. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. काही नाही. त्या 'काही नाही'मागे एकामागे एक अशा तीन गाठी होत्या.

सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावून पाहिलं, तर पॅकेट येताना स्पष्ट दिसत होतं. मग मी दोन दिवस झॅबिक्समध्येच चूक शोधत बसले. पॅकेट तर येतंय, म्हणजे वाटेत अडथळा नाही, असं धरून चालले, आणि तिथेच फसले. टीसीपीडम्प पॅकेट पाहतं ते सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलने गाळण्याआधी. दाराबाहेर पाहुणा उभा दिसतो म्हणून तो घरात आला असं होत नाही. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १६२ उघडायचं राहिलं होतं.

ते उघडल्यावर दुसरी गाठ. ट्रॅप घेणारा प्रोग्राम, एसएनएमपीट्रॅपडी, आलेला संदेश गपचूप टाकून देत होता. तो ज्या संचातला आहे त्या नेट-एसएनएमपीच्या ५.३ आवृत्तीपासून त्याला कुठल्या कम्युनिटीचे ट्रॅप स्वीकारायचे आणि त्यांचं काय करायचं हे कॉन्फिगरेशनमध्ये लिहून द्यावं लागतं. नाहीतर तो सगळेच नाकारतो. एक ओळ. ती लिहिली आणि फाइलमध्ये पहिला ट्रॅप उमटला. रात्रीचे आठ वाजले होते. ऑफिसात मी एकटीच होते, आणि ती आकड्यांची रांग बघून मला खरंच भरून आलं.

तिसरी गाठ सर्वांत चिवट. ट्रॅप फाइलमध्ये दिसतोय, पण झॅबिक्सच्या पडद्यावर काट्याच्या स्विचसमोर काहीच नाही. झॅबिक्स आलेला ट्रॅप कुणाचा हे ओळखतं ते पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून. तो पत्ता त्याच्याकडे नोंदवलेल्या पत्त्याशी जुळला तरच तो त्या उपकरणाच्या खात्यावर जमा होतो. मी नोंदवला होता देखभालीच्या व्हीलॅनमधला (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यातला) पत्ता. स्विच मात्र ट्रॅप पाठवताना ज्या वाटेने बाहेर पडे त्या वाटेवरचा स्वतःचा दुसराच पत्ता लावत होता. पोरगं एका आडनावाने शाळेत, दुसऱ्या आडनावाने रेशनकार्डावर. प्रत्येक स्विचवर 'ट्रॅप कुठल्या पत्त्यावरून पाठवायचा' हे ठरवून दिलं, तेव्हा जुळलं. हे काम कुणी नव्याने करणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे. न जुळलेले ट्रॅप सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिण्याची सोय झॅबिक्समध्ये आहे, ती पहिल्या दिवशी चालू आहे ना ते बघा, आणि तो लॉग रोज वाचा. आपलं कोण बेवारस फिरतंय ते तिथेच कळतं.

आकड्यांबद्दल. ट्रॅप येतो तो १.३.६.१.६.३.१.१.५.३ असा. याचा अर्थ पोर्ट बंद पडला. शेवटी ४ असेल तर पोर्ट चालू झाला, १ असेल तर उपकरण नव्याने सुरू झालं. त्यांची नावं दिसायला हवी असतील तर त्या त्या कंपनीच्या एमआयबी फायली (या आकड्यांचे शब्दकोशच) सर्व्हरवर चढवाव्या लागतात. यूपीएसना मात्र एक सामायिक एमआयबी आहे, १९९४ च्या आरएफसी १६२८ मधली, आणि आमच्या सहांपैकी चार यूपीएस तीच बोलत होते.

पुढचा टप्पा सुरक्षिततेचा. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत कम्युनिटी उघडी धावते, नेटवर्कवर कान लावून बसलेल्याला ती वाचता येते. म्हणून ज्या स्विचना तिसरी आवृत्ती येते तिथे तीच वापरायची असं ठरवलं. ऑफिसातले नऊ जुने स्विच दुसरीच बोलतात, त्यांच्यासाठी वेगळा व्हीलॅन आणि फक्त सर्व्हरलाच दार उघडं. तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाला एक इंजिन आयडी असतो. पासवर्डाची किल्ली त्या आयडीत कालवून बनते, त्यामुळे पासवर्ड एकच दिला तरी प्रत्येक स्विचची किल्ली वेगळी होते. ट्रॅपच्या बाबतीत पाठवणाऱ्याचा आयडी धरला जातो, म्हणून सर्व्हरवर प्रत्येक स्विचचा आयडी लिहून त्याच्यासाठी वापरकर्ता तयार करावा लागतो. हे मला कळलं ते मिल हाउसच्या सहा स्विचचे ट्रॅप विचित्र वागू लागले तेव्हा. कधी पोचत, कधी वेळ जुळत नाही म्हणून नाकारले जात. कॉन्फिगरेशन एका स्विचवरून दुसऱ्यावर नकलताना इंजिन आयडीची ओळही नकलली गेली होती. सहा भावंडांना एकच आधार क्रमांक. आयडी बदलला की जुन्या किल्ल्या बाद होतात, म्हणून सहाही ठिकाणी वापरकर्ते नव्याने करावे लागले. तो आठवडा माझ्या आयुष्यातल्या सर्वांत रुक्ष आठवड्यांपैकी होता.

मग वेळ. काही स्विचच्या नोंदींवर तारीख होती १ मार्च १९९३. घड्याळाला बॅटरी नाही, आणि वेळ सांगणारा कुणी नेमलेला नाही, म्हणून लाइट गेली की ते तिथूनच मोजायला लागत. सगळ्यांना एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावलं, आणि भारतीय वेळेची साडेपाच तासांची भर घातली. ही भर देताना तास आणि मिनिटं वेगळी द्यावी लागतात. दोन ठिकाणी तीस मिनिटं विसरली होती, आणि त्यांच्या घटना अर्धा तास आधी घडल्यासारख्या दिसत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. ते कागद पुढे केल्यामुळे साठवणुकीसाठी नवी डिस्क मंजूर व्हायला सोपं गेलं.

लॉग म्हणजे सिसलॉग, उपकरणाची रोजनिशी. ट्रॅपच्या जोडीला तोही त्याच सर्व्हरवर आणला, यूडीपी ५१४ वर. त्यात ० ते ७ अशा आठ पातळ्या. ० म्हणजे सर्वनाश, ७ म्हणजे तपासणीची बारीकसारीक बडबड. मी आधी ४ पर्यंतचेच घ्यायचे ठरवले, गर्दी नको म्हणून. मग एके दिवशी शेतकी ऑफिसचा एक पोर्ट भलत्याच व्हीलॅनमध्ये सापडला आणि तो कुणी, कधी बदलला याचा मागमूस नाही. कॉन्फिगरेशन बदलल्याची नोंद पाचव्या पातळीवर येते. ती आम्ही स्विचवरच अडवत होतो. तेव्हापासून ५ पर्यंत सगळं साठवते. साठवायचं ते भरपूर साठवावं आणि माणसाला उठवायचं ते फार थोड्या कारणांसाठी, या दोन गोष्टी मी तोवर एकच समजत होते.

उठवण्याचा विषय निघालाच आहे. सगळे ट्रॅप चालू केले त्या पहिल्या संध्याकाळी साडेपाचला ऑफिस सुटलं. लोकांनी संगणक बंद केले. प्रत्येक संगणकामागे एक पोर्ट पडला आणि प्रत्येक पोर्टाने हाक मारली. वीस मिनिटांत माझ्या आणि दोन सहकाऱ्यांच्या फोनवर शंभराच्या वर संदेश. सकाळी तेच उलट. तिसऱ्या दिवशी माझ्या सहकाऱ्याने तो ग्रुप म्यूट केला. मी त्याला एका शब्दाने बोलले नाही, कारण चूक माझी होती. उगाच हाका मारणाऱ्याकडे लोक लक्ष देईनासे होतात, आणि मग खरी हाकही वाया जाते. दोन दिवस बसून पोर्टागणिक निर्णय केला. टेबलावरच्या संगणकांच्या पोर्टांचे ट्रॅप बंद. दोन स्विचना जोडणारे पोर्ट, काट्यांचे संगणक, गव्हाणीवरचे कॅमेरे, को-जनचा दुवा, सर्व्हर, हे चालू. शंभरांवरून आकडा दिवसाला तीन-चारवर आला.

यूपीएसचं आणखी एक. आरएफसी १६२८ प्रमाणे 'बॅटरीवर आहे' हा ट्रॅप एकदाच येत नाही. लाइट येईपर्यंत किंवा यूपीएस बंद पडेपर्यंत तो दर मिनिटाला पुन्हा येतो. पहिल्यांदा मला याचा ताप झाला, पण विचार केल्यावर तो फार शहाणपणाचा वाटला. पोच नसलेल्या हाकेत एखादी हरवली तर पुढची पोचेल. मी झॅबिक्समध्ये असं बसवलं की पहिल्या ट्रॅपला संदेश जावा, पुढचे नुसते नोंदले जावेत, आणि पंधरा मिनिटांनीही लाइट आली नसेल तर दुसरा संदेश वरच्या माणसाला जावा.

सप्टेंबरात, बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या आधी, चाचणी घेतली. वायरमन मामा आणि मी, हातात यादी, एकेक गोष्ट मुद्दाम बिघडवत फिरलो. एमसीबी पाडला, ट्रॅप आला. केबल काढली, आला. स्विच रीस्टार्ट केला, आला. मग दुसऱ्या काट्याचा फायबर काढला, आणि सगळं शांत. मामा म्हणाले, "मॅडम, वायर तर माझ्या हातात हाय."

वायर हातात होती, आणि दोन्ही टोकांचे स्विच म्हणत होते की पोर्ट चालू आहे. कारण फायबर थेट स्विचमध्ये नव्हता. मध्ये मीडिया कन्व्हर्टर होता, फायबरचं साध्या केबलमध्ये रूपांतर करणारा छोटा डबा. फायबर तुटला तरी डबा जिवंत, आणि डब्याला जोडलेली केबलही जिवंत, म्हणून स्विचच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. त्याने खोटं सांगितलं नाही. त्याला दिसतच नव्हतं. काही डब्यांच्या पोटाशी एक बारीक खटका असतो, लिंक फॉल्ट पास-थ्रू नावाचा. तो चालू केला की फायबर गेल्यावर डबा केबलची बाजूही पाडतो आणि स्विचला कळतं. आमच्या सातांपैकी चार डब्यांना तो खटका होता. उरलेल्या तीन ठिकाणी डबेच काढून फायबर स्विचच्या मॉड्यूलमध्ये थेट घेतला. त्या शांततेत मात्र एक गोष्ट चालली होती. तिसऱ्या मिनिटाला पोलिंगचा संदेश आला, की दुसरा काटा उत्तर देत नाही. मी ट्रॅपच्या नादात पोलिंगची फेरी बंद करायच्या विचारात होते, सर्व्हरवरचा ताण कमी होईल म्हणून. ती केली नाही हे नशीब.

त्याच दिवशी मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, की ज्याचा दुवा तुटला तो स्वतः सांगू शकत नाही. त्याचं सांगणं त्याच दुव्यातून यायचं असतं. वाचा बसलेल्या माणसाबद्दल शेजाऱ्यानेच सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक दुव्याच्या सर्व्हरकडच्या टोकाला ट्रॅप हवाच, आणि शिवाय प्रत्येक उपकरणाच्या गप्प बसण्याचाही अलार्म हवा. काही उपकरणांत 'डाइंग गॅस्प' असतो. वीज गेल्यावर कपॅसिटरमध्ये उरलेल्या एवढ्याशा ऊर्जेवर ते एक शेवटचा संदेश पाठवतं. आमच्याकडे तो फक्त राउटरमध्ये आहे. त्या नावाने मला का कोण जाणे गलबलून येतं. मरता मरता कुणाला तरी कळवून जाण्याची सोय कुणीतरी विचार करून ठेवली आहे.

राहिला शेवटचा टप्पा, माणसापर्यंत पोचण्याचा. इंटरनेटवरून संदेश पाठवायचे तर इंटरनेट पडल्याचा संदेश कसा जाणार? म्हणून सर्व्हरला सिमकार्डचा मोडेम लावला आणि त्याला मजकूर देणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. मजकूर मराठीत हवा असा माझा हट्ट होता. रात्रपाळीला जागा असतो तो वायरमन. 'यूपीएस-काटा-१ ऑन बॅटरी' हे त्याच्या कामाचं नाही. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०, आणि काना-मात्रा-वेलांट्याही त्यातच मोजल्या जातात. प्रत्येक संदेश मामांबरोबर बसून लिहिला. मी लिहिलं होतं, 'काटा १ वरील यूपीएसचा विद्युत पुरवठा खंडित'. मामा म्हणाले, "खंडित बिंडित कशाला? लाइट गेली म्हणा. आन् काय बघायचं ते सांगा." मग ठरलं: 'काटा १: लाइट गेली, यूपीएस बॅटरीवर. पॅनेलमधला एमसीबी पाहा.' सत्तरच्या आत बसतं. त्यांच्या त्या दुसऱ्या वाक्याइतकं मोलाचं मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलं नाही. तेव्हापासून प्रत्येक संदेशात काय झालं आणि कुठे हात घालायचा, या दोन्ही गोष्टी असतात.

गव्हाणीत मोळी पडली, हंगाम सुरू झाला. पहिले काही आठवडे किरकोळ हाका. गोडाऊनचा स्विच उंदराने केबल कुरतडल्यामुळे, डिस्टिलरीचा दुवा कुणीतरी वेल्डिंगसाठी प्लग काढल्यामुळे. मग डिसेंबरात एका रात्री ३ वाजून ७ मिनिटांनी माझा फोन वाजला. काटा १, लाइट गेली, यूपीएस बॅटरीवर. मी अंथरुणातच उठून बसले. लॅपटॉप उघडला. दर मिनिटाला एक ट्रॅप येत होता. ८, ९, १०. काट्याच्या पावत्या चालू होत्या, क्लार्कला काही कळलंही नव्हतं. ३ वाजून १६ मिनिटांनी 'लाइट आली' उमटलं आणि लगेच रात्रपाळीच्या वायरमनचा फोन आला. "मॅडम, एमसीबी पडलावता. वर केला. काटा चालूच हाय, तुम्ही झोपा."

झोप काही आली नाही. सकाळी मामांना घेऊन पुन्हा त्या पॅनेलपाशी गेले. एकाच जागचा एमसीबी दोन हंगामांत दोनदा पडतो म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार. गेल्या हंगामात स्विच आणि यूपीएस एकदमच मेलेले सापडले, तेव्हा बॅटरीलाच दोष देऊन आम्ही नवी बॅटरी बसवली होती आणि तिथेच थांबलो होतो. मामांनी लाइन बंद करून कव्हर काढलं. एमसीबीच्या खालच्या टोकाचा स्क्रू सैल होता, वायरचं इन्शुलेशन बोटभर तपकिरी पडून कडक झालं होतं. टोक तापत होतं, आणि तापता तापता एमसीबी पडत होता. त्यांनी तेवढी वायर कापली, नवा लग दाबला, एमसीबी बदलला, स्क्रू आवळला आणि मग हात पुसत विचारलं, "दुसऱ्या काट्याचं पन उघडून बघू या का?"

दुसऱ्या काट्याचंही उघडलं. तिथलाही स्क्रू सैल होता.